डेबियन + एमपीडी + यूएसबी डॅक: कार्ड कधी सापडतं, कधी नाही; डॅकवर कायम ४८; १९२ च्या फाइली तुटतात

रिकामाबफर

फक्त गाणी ऐकण्यासाठी एक मिनी पीसी लावला आहे. चार कोरचा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, डेबियन १२, नोम डेस्कटॉप. डेबियनच्या भांडारातलं एमपीडी (मागे चालत राहून गाणी वाजवणारा प्रोग्रॅम) सिस्टम सर्व्हिस म्हणून चालतं. यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा अ‍ॅम्पला चालणारा सिग्नल बनवणारा डबा) थेट मागच्या पोर्टला आहे, मध्ये हब नाही. गाणी दुसऱ्या मशीनवर आहेत आणि एनएफएसने (जाळ्यावरून फोल्डर वापरायची पद्धत) माउंट केली आहेत. मिनी पीसी वायफायवर आहे. फोनवरच्या क्लायंटमधून गाणी लावतो.

अडचणी चार:

१. रीबूटनंतर कधी आवाज येतो, कधी नाही. लॉगमध्ये कधी 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' येतं, तर कधी 'नो सच डिव्हाइस'.

२. गाणं सीडीचं (४४.१ किलोहर्ट्झ) असो वा ९६ चं, डॅकच्या पडद्यावर कायम ४८ दिसतं.

३. थांबवून पुन्हा सुरू केलं की पहिला अर्धा सेकंद खाल्ला जातो.

४. २४ बिट / १९२ किलोहर्ट्झच्या फ्लॅक फाइली मध्येच दोन-तीन सेकंद गप्प होतात. सीडी दर्जाच्या फाइली कधीच तुटत नाहीत. लॉगमध्ये येतं: 'डीकोडर इज टू स्लो, प्लेइंग सायलेन्स टु अव्हॉइड एक्सरन'.

एमपीडीच्या आउटपुटमध्ये टाइप 'अल्सा' (लिनक्सची कार्डापर्यंत आवाज नेणारी मूळ यंत्रणा), डिव्हाइस 'सिसडिफॉल्ट:१', मिक्सर टाइप 'सॉफ्टवेअर' असं आहे. चौथ्या अडचणीसाठी रिअलटाइम कर्नल टाकावा का? की प्रोसेसरच कमी पडतोय?

खर्ज

प्रोसेसर कमी पडत नाही आणि रिअलटाइम कर्नल नको. तुमच्या चार तक्रारींची कारणं बरीचशी वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकाच औषधाने सगळं बरं होणार नाही. मी पहिल्या दोन घेतो. कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत. मोठी अक्षरं लागतील तिथे सांगेन.

'नो सच डिव्हाइस' का येतं? कारण कार्डाचा क्रमांक ही कायमची ओळख नाही. कर्नलला जे कार्ड आधी सापडेल ते ०, पुढचं १. मदरबोर्डवरचं ऑडिओ, एचडीएमआय आणि यूएसबी यांचे ड्रायव्हर कोणत्या क्रमाने चढतील याची खात्री नसते. आज डॅक १ असेल, उद्या ०. म्हणून क्रमांकाऐवजी नाव वापरा. 'कॅट /प्रॉक/असाउंड/कार्ड्स' चालवलंत की प्रत्येक कार्डापुढे चौकटी कंसात एक छोटं नाव दिसेल. समजा ते 'डॅक' आहे, तर एमपीडीत डिव्हाइस असं लिहायचं:

'एचडब्ल्यू:कार्ड=डॅक,डेव्ह=०'

यात कार्ड आणि डेव्ह हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत आणि नाव जसं दिसतं तसंच, अक्षराला अक्षर. स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडायची नाही.

४८ चं कारणही याच ओळीत आहे. 'सिसडिफॉल्ट' म्हणजे थेट हार्डवेअर नव्हे. यूएसबी कार्डासाठी ते अल्साच्या डीमिक्सकडे जातं. दोन-तीन प्रोग्रॅमना एकाच वेळी एक कार्ड वापरता यावं म्हणून डीमिक्स सगळ्यांचा आवाज एका ठरावीक दरावर आणून मिसळतं, आणि तो दर मुळात ४८००० असतो. म्हणजे तुमची ४४.१ ची फाइल चढवली जात होती आणि १९२ ची उतरवली जात होती. 'एचडब्ल्यू' लिहिलं की हा मधला टप्पाच जातो.

'प्लगएचडब्ल्यू' लिहा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसेल. चालतं तेही, पण डॅकला एखादा दर झेपत नसेल तर ते गुपचूप बदल करून मोकळं होतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. एमपीडी स्वतःच रूपांतर करू शकतं, त्यामुळे साधं 'एचडब्ल्यू' बरं. जुनी मोनो रेकॉर्डिंग किंवा २२.०५ किलोहर्ट्झची भाषणं असतील तरी घाबरू नका, डॅकला चालेल त्या रूपात एमपीडी ती आणून देतं. त्या कामासाठी कॉन्फिगमध्ये रिसँपलर 'सॉक्सआर' आणि क्वालिटी 'व्हेरी हाय' ठेवा.

आता 'बिझी'. इथे भांडण एमपीडी आणि पाइपवायर (डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमचा आवाज सांभाळणारी यंत्रणा) यांच्यात आहे. 'एचडब्ल्यू' असो की डीमिक्स, खाली हार्डवेअर एकच, आणि ते एका वेळी एकालाच उघडता येतं. नोममध्ये लॉगिन झालं की पाइपवायर सगळी कार्डं आपल्या ताब्यात धरतं. त्याच्या जोडीचं वायरप्लंबर कार्ड रिकामं राहिलं तर ५ सेकंदांनी सोडून देतं. तुमचं 'कधी चालतं, कधी नाही' ते यामुळेच: ब्राउझरचा एखादा टॅब आवाजाची वाट धरून बसला असेल तर बिझी, नसेल तर मोकळं.

आवाज येत नसेल त्या क्षणी हे चालवा:

'सुडो फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*'

'कंट्रोलसी१' वगैरे कोणी धरलं असेल तर दुर्लक्ष करा, वायरप्लंबर ते नेहमीच धरून असतं आणि त्याने काही अडत नाही. पाहायचं ते 'पीसीएमसी१डी०पी' सारख्या नावाकडे. शेवटचा 'पी' म्हणजे प्लेबॅक. त्याच्यासमोर पाइपवायर दिसलं तर चोर सापडला.

सोपा उपाय: 'पाव्हूकंट्रोल' बसवा, शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबवर जा, डॅकच्या समोरचं प्रोफाइल 'ऑफ' करा. ते लक्षात राहतं. डेस्कटॉपचे आवाज मदरबोर्डच्या कार्डातून येत राहतील आणि डॅक एमपीडीचा. आणि या मशीनला पडदाच लावायचा नसेल तर डेस्कटॉप हवा कशाला? 'सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट' करून रीबूट करा, मेमरीही वाचेल.

एक सावधगिरी. मिक्सर टाइप 'सॉफ्टवेअर' ऐवजी 'नन' करा, म्हणजे एमपीडी बिट्सना हात लावणार नाही. पण त्याआधी अ‍ॅम्पचा आवाज पूर्ण खाली घ्या. आतापर्यंत फोनवरून ३० टक्क्यांवर ऐकत असाल तर 'नन' केल्यावर सिग्नल पूर्ण जोरात जाईल. फोनवरचा आवाजाचा पट्टा तेव्हापासून निकामी होतो, ते बिघाडाचं लक्षण नव्हे.

जाळेवाला

चौथ्या तक्रारीबद्दल. तो लॉगमधला संदेश भल्याभल्यांना चकवतो. 'डीकोडर इज टू स्लो' वाचलं की माणूस प्रोसेसरकडे बघतो. खरं तर एमपीडीला एवढंच कळतं की डीकोडरकडून पुढचा आवाज वेळेत आला नाही. डीकोडर स्वतः फाइलच्या पुढच्या तुकड्याची वाट बघत ताटकळला असेल तरी संदेश हाच. फ्लॅक उलगडायला कोणत्याही आजच्या प्रोसेसरला काही लागत नाही. 'टॉप' उघडून बघा, एमपीडी जेमतेम काही टक्के घेत असेल.

मग सीडीच्या फाइली का तुटत नाहीत? हिशेब करा. एमपीडीचा ऑडिओ बफर मुळात ४०९६ केबी असतो आणि त्यात उलगडलेला आवाज साठतो. सीडी दर्जाला सेकंदाला १७६४०० बाइट लागतात, म्हणजे बफर भरलेला असेल तर सुमारे २४ सेकंदांची शिदोरी. १९२ किलोहर्ट्झला एमपीडी २४ बिटचा प्रत्येक नमुना ४ बाइटांत ठेवतं, दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला १५३६००० बाइट. तोच बफर आता २.७ सेकंद पुरतो. वायफाय पाच सेकंद अडलं तर सीडीच्या फाइलीला कळतही नाही, १९२ ची मात्र गप्प होते.

वायफायचा वेग कमी पडतोय असा याचा अर्थ लावू नका. न दाबलेला २४/१९२ आवाजसुद्धा ९२१६ किलोबिट प्रति सेकंद इतकाच, आणि फ्लॅक त्याहून कमी. खुपतं ते मध्येच लागणारं अडखळणं.

खात्री करण्याची युक्ती: तुटणारी एक फाइल आधी पूर्ण वाचून घ्या,

'कॅट फाइलचं-नाव > /डेव्ह/नल'

आणि लगेच एमपीडीत तीच लावा. वाचलेली फाइल कर्नलच्या कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्ये असते. ८ जीबीत एक गाणं सहज मावतं. आता अजिबात तुटली नाही तर दोष जाळ्याचा. तरीही तुटली तर जाळं निर्दोष, मग यूएसबीकडे बघू.

दोष जाळ्याचा निघाला तर उत्तम उपाय म्हणजे केबल. विषय संपतो. केबल शक्य नसेल तर:

वायफायची वीजबचत बंद करा. तात्पुरती 'सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० सेट पॉवर_सेव्ह ऑफ' ने. तुमच्या इंटरफेसचं नाव वेगळं असेल, ते 'आयडब्ल्यू डेव्ह' ने कळतं. कायमची करायची तर '/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/' मध्ये एक फाइल बनवा, त्यात पहिल्या ओळीत चौकटी कंसात 'कनेक्शन' आणि दुसऱ्या ओळीत 'वायफाय.पॉवरसेव्ह = २'. इथे २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. उलटं वाटतं पण तसंच आहे. नेटवर्कमॅनेजर हे नाव मात्र पाथमध्ये एन आणि एम मोठे ठेवून लिहायचं.

एमपीडीत 'ऑडिओ_बफर_साइझ' ३२७६८ करा. १९२ लाही मग २१-२२ सेकंदांची शिदोरी मिळते. ३२ एमबी रॅम गेली तर जाऊ दे.

वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल आणि शेजारच्या पोर्टला यूएसबी ३ ची डिस्क असेल तर ती लांब न्या किंवा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर हलवा. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात पडतो.

एनएफएस माउंटमध्ये कुठे 'सॉफ्ट' लिहिलं असेल तर काढून टाका. जाळं अडलं की 'सॉफ्ट' वाचनाला चूक म्हणून परत पाठवतं आणि एमपीडी गाणं अर्ध्यावर सोडून पुढच्यावर उडी मारतं. मुळातलं 'हार्ड' वाट बघतं.

रिअलटाइम कर्नलबाबत: एमपीडीचा अल्साकडचा बफर मुळात अर्ध्या सेकंदाचा. रिअलटाइमची गरज माइकमधला आवाज चार-पाच मिलिसेकंदांत परत कानात हवा असतो तेव्हा. नुसत्या ऐकण्यात अर्धा सेकंद उशीर कुणाला कळतो?

रिकामाबफर

कार्डाचं नाव टाकलं, पाव्हूकंट्रोलमध्ये ऑफ केलं. पाच रीबूट, पाचही वेळा आवाज. डॅकवर आता ४४.१, ९६, १९२ फाइलीप्रमाणे दिसतं. कॅटची युक्ती केली, फाइल तुटली नाही. वीजबचत बंद करून बफर वाढवला, एक पूर्ण १९२ चा अल्बम न तुटता गेला.

दोन नवे प्रश्न. '/प्रॉक/असाउंड/कार्ड१/पीसीएम०पी/सब०/एचडब्ल्यू_पॅराम्स' मध्ये १६ बिटच्या फाइलीलाही फॉरमॅट 'एस३२_एलई' दाखवतंय. म्हणजे अजून कुठेतरी बदल होतोय का? आणि आज रीबूटनंतर अख्खी लायब्ररीच रिकामी दिसली. 'एमपीसी अपडेट' (एमपीसी म्हणजे टर्मिनलमधला एमपीडीचा क्लायंट) केल्यावर परत आली.

खर्ज

रेटची ओळ ४४१०० म्हणत असेल तर निश्चिंत राहा. एस३२ म्हणजे डबा ३२ बिटचा, माल तुमचाच १६ बिटचा. बरेच डॅक यूएसबीवर फक्त ३२ बिटचा डबा घेतात. एमपीडी मूळ नमुन्याच्या खालच्या बाजूला शून्यं लावतं, किंमत बदलत नाही. तुमचा डॅक काय काय घेतो ते '/प्रॉक/असाउंड/कार्ड१/स्ट्रीम०' मध्ये दिसतं: फॉरमॅट, दर, आणि गाणं चालू असताना 'मोमेंटरी फ्रिक्वेन्सी'. तिथे फॉरमॅटमध्ये एस३२_एलई एकच असेल तर दुसरं काही दिसणं शक्यच नाही. एचडब्ल्यू_पॅराम्स मात्र गाणं चालू असतानाच वाचा, एरवी 'क्लोज्ड' एवढंच येतं.

अल्सामिक्सरही एकदा उघडा, एफ६ ने डॅक निवडा. आवाजाचा खांब असेल तर १०० वर न्या, तळाला दोन एम दिसत असतील तर ते म्यूट आहे, एम दाबून काढा आणि 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' करा. कमांडचं नाव म्हणजे अल्सा आणि त्याला जोडून पुढे सीटीएल. काही डॅकमध्ये हा खांब नसतोच.

पाइपकर

मला 'ऑफ' करणं जरा टोकाचं वाटतं. त्याच स्पीकरवर ब्राउझरमधले व्हिडिओही ऐकायचे असतील तर पाइपवायर ठेवूनही दर बदलता येतो. घरच्या फोल्डरात '.कॉन्फिग/पाइपवायर/पाइपवायर.कॉन्फ.डी/' बनवा, त्यात '१०-रेट्स.कॉन्फ', आणि आत:

कॉन्टेक्स्ट.प्रॉपर्टीज = { डिफॉल्ट.क्लॉक.अलाउड-रेट्स = [ ४४१०० ४८००० ८८२०० ९६००० १७६४०० १९२००० ] }

मध्ये स्वल्पविराम नकोत, मोकळी जागा पुरे. मग 'सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर'. गाणं चालू असताना 'पीडब्ल्यू-टॉप' मध्ये दर दिसतो.

यात एक गोम आहे. सिस्टम सर्व्हिस म्हणून चालणारं एमपीडी 'एमपीडी' नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याखाली असतं, त्याला तुमचं पाइपवायर दिसत नाही. म्हणून सिस्टमचं एमपीडी आणि त्याचं सॉकेट दोन्ही बंद करून 'सिस्टमसीटीएल --यूजर एनेबल --नाऊ एमपीडी' करायचं, कॉन्फिग '.कॉन्फिग/एमपीडी/एमपीडी.कॉन्फ' मध्ये, आउटपुट टाइप 'पाइपवायर'. लॉगिन न करता चालायला हवं असेल तर 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर'.

खर्ज

पद्धत बरोबर आहे, पण मर्यादाही सांगायला हवी: पाइपवायर दर बदलतं ते दुसरं काही वाजत नसेल तेव्हाच. ब्राउझर ४८ वर चालू असताना ४४.१ चं गाणं लावलं तर ते ४८ वरच वाजणार. ऐकण्यापुरत्या मशीनवर मी थेट अल्साच ठेवेन. टेबलावरच्या रोजच्या संगणकावर तुमची पद्धत.

जाळेवाला

रिकामी लायब्ररी म्हणजे एमपीडी आधी उठलं आणि माउंट नंतर झालं. रिकाम्या फोल्डरवर अपडेट चाललं की एमपीडीच्या लेखी सगळी गाणी काढून टाकलेली असतात, ते इमानदारीने यादी पुसतं.

'/ईटीसी/एफएसटॅब' (काय कुठे माउंट करायचं त्याची फाइल) मधल्या एनएफएसच्या ओळीत पर्याय असे ठेवा: 'आरओ,_नेटडेव्ह,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट'. आरओ म्हणजे फक्त वाचन, वाजवणाऱ्या मशीनला लिहायचं कामच नाही. मग 'सुडो सिस्टमसीटीएल एडिट एमपीडी.सर्व्हिस' आणि त्यात चौकटी कंसात 'युनिट', खाली 'रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/म्युझिक'; तुमचा माउंटचा पाथ जो असेल तो. युनिटचा यू आणि खालच्या ओळीतले आर, एम आणि एफ मोठे.

'ऑटो_अपडेट' नो करा. ते कर्नलच्या आयनोटिफायवर (फाइल बदलल्याची सूचना) चालतं आणि दुसऱ्या मशीनने टाकलेली फाइल एनएफएसवरून त्याला कळत नाही. नवी गाणी टाकली की 'एमपीसी अपडेट', किंवा रात्री एकदा टायमरने.

गाणी पुढे-मागे यूएसबी डिस्कवर आणलीत तर डेस्कटॉपला ती आपोआप माउंट करू देऊ नका. '/मीडिया/तुमचं-नाव/' खालचं फक्त तुम्हाला वाचता येतं, एमपीडी वापरकर्त्याला दार बंद. डेबियन १२ मध्ये नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डरही ७०० परवानगीचं असतं, तिथेही हेच. यूयूआयडीने (डिस्कची कायमची ओळख) एफएसटॅबमध्ये लिहून '/एसआरव्ही' खाली माउंट करा आणि 'नोफेल' घाला, नाहीतर डिस्क काढलेली असताना बूट अडकून बसेल. तपासायला 'सुडो -यू एमपीडी एलएस /एसआरव्ही/म्युझिक'. याद्या आल्या तर एमपीडीलाही येतील.

रिकामाबफर

माउंटचं जमलं. उरला तो अर्धा सेकंद. एकाच अल्बममध्ये गाण्यामागून गाणं जाताना काही खात नाही. थांबवून सुरू केलं की आणि शफलवर खातो.

खर्ज

तुम्ही अचूक टिपलंत. डॅकला नवा प्रवाह मिळाला की तो घड्याळ जुळेपर्यंत आवाज म्यूट ठेवतो, काहींचा रिले टिक् करतो तो तेव्हाच. एका दराची गाणी सलग असतील तर एमपीडी डिव्हाइस बंद करत नाही, म्हणून अल्बममध्ये त्रास नाही.

पॉजसाठी अल्सा आउटपुटमध्ये 'क्लोज_ऑन_पॉज' नो करा, मुळात ते यस असतं. पूर्ण थांबवल्यावरही धरून ठेवायचं तर त्याच आउटपुटमध्ये 'ऑल्वेज_ऑन' यस. दोन्हींमुळे डिव्हाइस एमपीडीकडेच राहतं, म्हणजे डॅक दुसऱ्या प्रोग्रॅमला मिळणार नाही. तुमच्याकडे तो ऑफच केलाय, तेव्हा हरकत नाही.

शफलवर ४४.१ नंतर ९६ आलं की डिव्हाइस बंद करून नव्या दराने उघडावंच लागतं, घड्याळ पुन्हा जुळणार. ते डॅकच्या आत आहे, लिनक्समधून टळत नाही. शफलसाठी दुसरं आउटपुट बनवा: तेच डिव्हाइस, नाव वेगळं, आणि 'फॉरमॅट' मध्ये '९६०००:२४:२'. सगळं ९६ वर येईल, दर बदलणार नाही, म्यूटही नाही. रिसँपलिंग होईल, पण शफल लावून काम करताना ते चालावं. क्लायंटमधून एका वेळी एकच आउटपुट चालू ठेवा, दोन्ही चालू केलीत तर पुन्हा 'बिझी'.

रिकामाबफर

दुसरं आउटपुट केलं, शफलवर आता काही खात नाही. 'एमपीसी एनेबल ओन्ली २' ने एका फटक्यात बदलतं, पहिलं आपोआप बंद होतं.